बघून घ्या, बाई

“बाई, पट वीस दाखवायलंय,” तिडके सर म्हणाले.

सड्यावरच्या काजऱ्याच्या झाडाखाली आम्ही दोघं फोन उंच धरून उभे होतो. कातळवाडीत रेंज म्हणून कुठे नव्हती. शाळेत नाही, वाडीत नाही. ती फक्त वर सड्यावर, म्हणजे वाडीच्या डोक्यावरच्या कातळी माळावर, त्या एका झाडाच्या उगवतीच्या अंगाला यायची, आणि आली तरी टिकेलच असं नाही. शाळा सुटली की चढ चढून जायचं, पोर्टलवर दिवसाची हजेरी भरायची, वर ते गोल गोल चक्र फिरत बसलं की सड्यावरची गुरं मोजत बसायचं. शिकवणं सोपं होतं. शिकवलं हे त्या पोर्टलला पटवणं कठीण.

“वीस कसा? काल एकवीस होता.”

“तेच तर म्हणायलोय. श्रेयश धनावडे नाही यादीत. शाळा सोडली म्हणून टाकलंय त्याला.”

मी त्यांच्या हातातून फोनच घेतला. श्रेयश तापाने घरी पडून होता. आदल्याच दिवशी त्याच्या आईचा नंबर काढायला मी त्याचं पान उघडलं होतं, तेव्हा होता की व्यवस्थित. एका दिवसात हे पोरगं शाळा सोडून गेलं कुठे?

“तुम्ही काही केलंत का, सर?”

“मी कशाला करू बाई असलं?”

त्यांनी ते इतक्या पटकन म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मी संशयी बाई. जन्मतः नव्हते, नोकरीने केलं. नोकरीच्या सातव्या वर्षी एका साहेबांनी जाता जाता कागद पुढे केला, “करा बाई सही, आवक-जावकचं आहे.” मी भाजी निवडता निवडता पाहुण्यांना पाणी द्यावं तशी सही केली, आणि तो माझ्याच बदलीचा विनंती अर्ज निघाला. साहेबांच्या मेहुणीला माझी जागा हवी होती. तेव्हापासून मी साधी लग्नपत्रिका आली तरी तीन वेळा वाचते. न वाचता सही नाही म्हणजे नाही. सगळ्या केंद्रात माझी त्यावरून चेष्टा व्हायची, आणि मला त्याचा उलट तोराच होता.

आमची शाळा दोन शिक्षकांची, त्यात मी थोरली म्हणून मुख्याध्यापक. त्या वर्षी सगळीकडे एकच हवा होती. तीस सप्टेंबरला पोर्टलवर पट वीसच्या आत दिसला की शाळा बंद, आणि मुलं पऱ्यापलीकडच्या शाळेत. हा पऱ्या म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात पाऊल बुडत नाही आणि पावसात माणूस सापडत नाही. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या सुगंधाकाकींची नात रिद्धी तिसरीत होती. काकींनी मला स्वच्छ सांगितलं होतं, “शाळा गेली तर माजी रिद्धी घरात बसंल बाई. त्या पऱ्यातून मी तिला नाय धाडायची.” आणि त्या बोलल्या म्हणजे झालंच. आणखी सहा मुली तशाच घरात बसल्या असत्या.

आता तिडके सरांचं. मुंजाजी तिडके, मूळचे हिंगोलीकडचे, वय बत्तीस. सुगंधाकाकींच्या पडवीतल्या खोलीत राहायचे, जेवायलाही त्यांच्याकडेच. शिकवायला उत्तम, पाढे असे म्हणून घ्यायचे की बाहेर रस्त्याने जाणारा माणूस सात नवे त्रेसष्ट म्हणायला लागावा. चार वर्षं घर सोडून इथे. बायको तिकडे, मुलगी अडीच वर्षांची. सड्यावर रेंज आली की हजेरीच्या आधी तिला फोन. ती फोनमध्ये बघायची आणि मग फोनच्या मागे जाऊन बाप शोधायची. सर ते हसून सांगायचे, पण सांगून झालं की फोनची काच बाहीला पुसत बसायचे.

त्यांची बदली घराकडे झालेली होती. मे महिन्यातच हुकूम आला होता. पण दुसरा शिक्षक आल्याशिवाय इथून सोडायचं नाही, असा शेरा होता. म्हणजे शाळा आहे तोवर सर अडकलेले. शाळा बंद झाली की सर मोकळे.

हा हिशेब मी श्रेयशचं नाव गेलं त्याच दिवशी सड्यावरून उतरता उतरता मांडला. बरोबर उत्तर आलं की नाही? आणि ओरड आधी त्यांनीच केली, म्हणजे आपल्यावर कुणी बोट दाखवू नये म्हणून. कुठेतरी पाणी मुरत होतं.

नाव परत आणायचं तर केंद्रप्रमुखांकडे विनंती पाठवायची, त्यांनी ती मंजूर करायची, मग आठ दिवसांनी पोर उगवणार. मी विनंती पाठवली. कुणी काढलं ते पोर्टल सांगत नव्हतं, कारण शाळेला पासवर्ड एकच. तो आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. दुसऱ्या दिवशी मी तो कागद फाडला आणि पासवर्ड बदलला.

“सर, यापुढे हजेरी तुम्ही भरायची, पण पोर्टल मी उघडून देणार. आणि भरून झालं की मला दाखवायचं.”

“बरं,” ते म्हणाले. एवढंच.

मग मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. श्रेयशचं नाव गेलं ते तो आजारी असताना. तेव्हा चोर हुशार, जे मूल येत नाही त्याच्यावरच हात टाकणार, म्हणजे विचारलं तर म्हणायला मोकळा, की ते येतच नाही. म्हणून मी ठरवलं, जे मूल तीन दिवस सलग आलं नाही त्याचं पान उघडून रोज खात्री करायची. सरांनी हजेरी भरली की ते खाली उतरायचे, मी मागे थांबायचे. पान उघडायचं, नाव बघायचं, जन्मतारीख बघायची, आईचं नाव बघायचं, जतन करायचं आणि बाहेर पडायचं. ते जतन करणं माझ्या अंगात मुरलं होतं. पोर्टल नवीन आलं तेव्हा माझी दोन दिवसांची भरलेली माहिती बाहेर पडल्याबरोबर उडाली होती. मी रडायच्या बेताला आले होते. प्रशिक्षणाला आलेला मुलगा तेव्हा म्हणाला होता, “बाई, काहीही करा, बाहेर पडताना जतन दाबा. दहा वेळा दाबलं तरी बिघडत नाही.” मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

गौरीला सुगंधाकाकींची रिद्धी मावशीकडे गेली ती पाच दिवस आली नाही. मी तिचं पान उघडून खात्री केली. आणि पुढच्या दिवशी रिद्धी यादीतून गायब.

पासवर्ड फक्त मला ठाऊक. मग गेली कशी? माणसाने इथे थांबायला हवं होतं ना? पण संशय एकदा घरात घुसला की तो चुलीजवळ जाऊन बसतो. मी म्हटलं, मी पोर्टल उघडते तेव्हा हे बाजूलाच तर उभे असतात, बोटं बघून ठेवली असतील. पुन्हा पासवर्ड बदलला. या वेळी पदर आडवा धरून टाकला. नंतरच्या आठवड्यात धाकटा बोबले यादीतून गेला, त्याला कांजिण्या झाल्या होत्या.

काकींना मी एवढंच म्हटलं, “रिद्धीचं नाव कुणीतरी काढलंय हो.”

“कुणी?”

“आता आम्ही दोघंच तर आहोत शाळेत.”

झालं. त्या संध्याकाळपासून काकींनी सरांचं ताट बंद केलं. सर खोलीत स्टोव्हवर भात लावू लागले. शाळेत मला एकदा म्हणाले, “बाई, काकी बोलत नाहीत माझ्याशी. काय झालंय, तुम्हाला काही माहितीय?”

“तुम्हाला माहीत नाही?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बाई, ऑक्टोबरात यादी लागणार आहे. आपल्या शाळेला माणूस मिळणार म्हणून ऐकलंय मी. मला लेकरांची नावं काढून काय भेटणार आहे?”

“ऐकलंय कुणाकडून?”

“तालुक्यातून.”

“तालुक्यातून कुणी?”

त्यांनी नाव सांगितलं नाही. मला तेवढं पुरलं. बावीस सप्टेंबरला मी एकटी सड्यावर गेले, पोर्टलमध्ये तक्रारीचा रकाना उघडला, आणि त्यात मुंजाजी तिडके हे नाव, त्यांचा सेवा क्रमांक आणि ‘बदलीच्या हेतूने पट कमी करीत आहेत’ असं सगळं नीट लिहिलं. तीन वेळा वाचलं. काना-मात्रा बघितल्या. जतन केलं.

आता इतक्या वर्षांनी ते आठवलं की माझाच मला राग येतो. त्या दिवशी मात्र उतरताना मला फार हलकं वाटलं होतं.

सव्वीस तारखेला केंद्रप्रमुख शिगवण साहेब चौकशीला आले. साधा माणूस, गुडघे दुखणारा. चढ चढताना तीनदा बसला. काजऱ्याखाली कातळावर त्यांनी लॅपटॉप ठेवला, त्याला फोन जोडला, आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. तिडके सर जरा लांब, पाय आखडून.

“बाई, तुम्ही रोज नावं तपासता म्हणालात. कशी तपासता ते जरा करून दाखवा.”

मला तर तेच हवं होतं. माझी दक्षता दिसणार होती. मी त्यांच्या लॅपटॉपवर यादीतून मनस्वी घवाळीचं पान उघडलं.

“हे बघा. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. आईचं नाव बरोबर. म्हणजे पोरगी आहे जागेवर. झालं. आता जतन करायचं आणि...”

“थांबा.” साहेबांनी माझं मनगट धरलं. “जतन कशाला?”

“म्हणजे? जतन न करता बाहेर पडलं की माहिती उडते. प्रशिक्षणात सांगितलंय.”

“बाई, खाली वाचा.”

माझ्या फोनवर पानाचा वरचा अर्धाच भाग मावायचा आणि जतनचं बटण वरच होतं. खाली जायची मला कधी गरज पडली नव्हती. लॅपटॉपवर सगळं पान एकदम दिसत होतं. तळाशी शेवटचा रकाना होता, विद्यार्थ्याची सद्यस्थिती. त्याच्यापुढे लिहिलं होतं, शाळा सोडली.

“ही तर सकाळी वर्गात होती,” मी म्हटलं. “हिला अजून कुणी हात लावलेला नाही.”

साहेबांनी जतन न करता पान बंद केलं आणि दुसऱ्या मुलाचं उघडलं. तिथेही शाळा सोडली. तिसऱ्याचं उघडलं, तिथेही तेच. मुलांच्या नोंदी मुळात ठीक होत्या. पण पान उघडलं की ते दिव्य पोर्टल जुनी नोंद दाखवायच्या ऐवजी पर्यायांतला पहिला पर्याय तिथे आणून ठेवत होतं. नुसतं बघून जतन केलं की मूल शाळेबाहेर. ज्याने कुणी हे बनवलं त्याने एकदा तरी ते उघडून बघितलं होतं का, देव जाणे.

“या महिन्यात कुणाकुणाची पानं उघडलीत, बाई?” साहेबांनी अगदी हळू विचारलं.

“जी मुलं तीन दिवस सलग आली नाहीत...”

आणि त्याआधी एक, आईच्या नंबरासाठी. श्रेयश. रिद्धी. बोबले. मीच. एकेकाला खात्री करून करून मीच बाहेर काढलं होतं.

मी सरांकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. ते उठले, पँट झटकली.

“साहेब, पाच वाजून गेले. हजेरी भरून घेतो, रेंज जाईल.” मग माझ्यापुढे फोन धरला. “पासवर्ड टाका, बाई.”

मी टाकला. पदर धरला नाही. त्यांनी हजेरी भरली आणि रोजच्यासारखा फोन माझ्याकडे वळवला.

“बघून घ्या, बाई.”

शिगवण साहेबांनी स्वतः मागे लागून नावं दोनच दिवसांत परत आणली. तीस तारखेला पट एकवीस दिसला. शाळा वाचली. सुगंधाकाकींना मी सगळं खरं सांगितलं, तेव्हा त्या खिचडीचा डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “म्हंजे सरांचं ताट मी उगाच तोडलं म्हना,” त्या म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी भाकरी घेऊन त्यांच्या दारात गेल्या. सरांनी ती घेतली, पण दुसऱ्या दिवसापासून नको म्हणाले. “आता करून खायची सवय झाली, काकी.”

आणि तीन ऑक्टोबरला यादी लागली. सरांनी ऐकलेलं खरं होतं. आमच्या शाळेला नवीन शिक्षक मिळाला होता. तिडके सरांचं नाव सोडण्याच्या यादीत होतं, आणि त्याच्यापुढे शेरा होता, ‘तक्रार चौकशीत आहे, कार्यमुक्त करू नये.’

मी तालुक्याला धावले. एकदा नाही, पाच वेळा. तिथला लिपिक भला होता, पण करणार काय?

“बाई, तक्रार मागे घ्यायचं बटणच नाही यात.”

“अहो, पण चूक माझी आहे. मी लेखी देते. शिगवण साहेबांनीही लिहून दिलंय.”

“कागद काय, पोर्टल वाचत नाही. चौकशी पूर्ण झाली की शेरा आपोआप निघेल.”

“साहेबांनी केली की चौकशी. आणखी कोण करणार?”

“ते पोर्टलवर दिसेल.”

दिसलं नाही. नवीन शिक्षक दुसरीकडे गेला, सरांच्या बदलीची मुदत टळली, हुकूम रद्द झाला. मी वर्गात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. फळ्यावर सात नवे त्रेसष्ट लिहिलेलं होतं.

“सर, माझं चुकलं.”

“पोर्टलच खराब आहे, बाई. तुम्ही तरी काय करणार?”

“पोर्टलनं पोरांची नावं काढली. तुमचं नाव मी घातलं.”

त्यांनी डस्टर घेऊन फळा पुसला. दोन शब्द वाईट बोलले असते तर मला घरी जाऊन जेवण तरी गेलं असतं.

पुढे दोन वर्षं आम्ही त्याच दोन खोल्यांत काम केलं. सर तसेच शिकवत राहिले, पाढे तसेच घुमत राहिले. त्यांची मुलगी बालवाडीत गेली. पहिल्या दिवशी तिला सोडायला तिचा मामा गेला, आणि सर सड्यावर उभं राहून फोनवर बघत होते. दप्तर पाठीला लावून ती दारात पोचली आणि चित्र थिजलं. रेंज परत आली तेव्हा दार लागलेलं होतं. मी झाडाच्या पलीकडच्या बाजूला होते. मला सगळं ऐकू येत होतं.

पासवर्ड मी पुन्हा कपाटाच्या दाराला चिकटवला होता. दाखवायची गरज नाही, असं मी सरांना चारदा सांगितलं. ते मान हलवायचे. आणि रोज, एकही दिवस न चुकता, हजेरी भरून झाली की फोन माझ्याकडे वळवायचे. “बघून घ्या, बाई.” आवाजात टोमणा नाही, राग नाही. मी बघायचे. काय करणार?

तिसऱ्या वर्षीच्या मेमध्ये त्यांची बदली पुन्हा झाली, आणि या खेपेला शेराही नव्हता. जायच्या दिवशी ते कार्यमुक्तीच्या कागदाच्या तीन प्रती घेऊन माझ्या टेबलाशी आले. बाहेर सुगंधाकाकी त्यांच्या पिशवीत कोकमं भरत होत्या. सरांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं, आणि सवयीने म्हणाले, “बघून घ्या, बाई.”

मी तिन्ही प्रतींवर सही केली. वाचायचा चष्मा टेबलावर घडी घातलेला तसाच होता.

“वाचलं नाहीत?”

“नाही.”

त्यांनी माझा चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

“वाचा, बाई. तुमच्यासारखं कुणी वाचत नाही. काही चुकलं असलं तर तिकडं मला हजर करून घ्यायचे नाहीत.”

मी वाचलं. तीन वेळा वाचलं. अक्षरं मधून मधून हलत होती, म्हणून चौथ्यांदाही वाचलं. दुसऱ्या प्रतीत वर्ष मागचं पडलं होतं. ते खोडून मी वर बरोबर लिहिलं, बाजूला पुन्हा सही केली, आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

“बघून घ्या, सर.”

सरांनी तिन्ही कागद जुळवले, न बघता घडी घातली आणि खिशात ठेवले.